टाकीची पातळी पीएलसीवर (यंत्रं चालवणाऱ्या औद्योगिक संगणकावर) आणताना

नवी मुंबईच्या रबाळे-महापे पट्ट्यातल्या कारखान्यात पहिल्यांदाच कंट्रोल पॅनल उघडत असाल, तर स्काडाची (कारखान्यावर नजर ठेवणाऱ्या संगणक-प्रणालीची) स्क्रीन नंतर बघा. आधी 4-20 मिलिअँपचा लूप, म्हणजे टाकीवरचा सेन्सर पातळीनुसार वायरमधून जो करंट पाठवतो तो, समजून घ्या. टाकी 5 मीटरची असेल तर 4 म्हणजे रिकामी, 12 म्हणजे अडीच मीटर, 20 म्हणजे काठोकाठ. सुरुवात शून्यापासून का नाही? वायर तुटली की करंट शून्यावर येतो, आणि टाकी रिकामी आहे की वायर तुटली आहे हे लगेच कळतं. म्हणून 3.6 च्या खाली अलार्म हवाच.

करंट मोजताना मल्टिमीटर सिरीजमध्येच, म्हणजे वायर सोडवून मध्ये, जोडा. लूपला वीज देणाऱ्या 24 व्होल्टच्या दोन टोकांवर थेट लावलात तर त्याचा फ्यूज जाईल. केबलची शील्ड (तारांभोवतीचं धातूचं आवरण) फक्त पॅनलच्या टोकाला अर्थ करा. व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) पॉवर केबलसोबत एकाच ट्रेमधून सिग्नल नेला तर रीडिंग नाचतं.

इथल्या पावसात जंक्शन बॉक्स हीच खरी दुखरी जागा. ग्लँड (केबल बॉक्समध्ये शिरते तिथली घट्ट पकड) खालून घ्या, केबलला आधी खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच टपकेल. टर्मिनलवर हिरवट थर दिसला तर ओल आत शिरली आहे.

पंप कोरडा चालू नये यासाठीचा इंटरलॉक, म्हणजे पंप आपोआप थांबवणारी अट, पीएलसीतच लिहा. स्काडाचा संगणक बंद पडला तरी पंप थांबलाच पाहिजे.