घरासाठी वेल्डिंग मशीन घेताय? या चुका टाळा, आणि आधी भिंतीवरचं सॉकेट बघा

माझं पहिलं मशीन मी आकडा बघून घेतलं. दुकानात दोन खोकी शेजारीशेजारी ठेवलेली, एकावर १६० अँपिअर, दुसऱ्यावर २००. किमतीत फार फरक नव्हता. "दोनशेचंच घ्या, पुढे कमी पडायला नको," दुकानदार म्हणाला आणि मलाही ते पटलं. घरी आणलं, गच्चीवर कुंड्यांच्या स्टँडसाठी अँगल कापून मांडला, रॉड टेकवला आणि खालून आईची हाक आली, "लाइट गेली का रे?" एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा बोर्डावरचा स्विच, पडला होता. त्या संध्याकाळी तो चार वेळा पडला.

मशीनचा काही दोष नव्हता. घरातली वायर किती देऊ शकते, हे मी बघितलंच नव्हतं. हौशी माणसाच्या बहुतेक चुका याच एका चुकीतून निघतात, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

खोक्यावरचा आकडा आणि घरातली वायर

आर्क, म्हणजे रॉड आणि लोखंडामधली सलग ठिणगी, पेटलेला असताना रॉडपाशी २० ते ३० व्होल्ट असतात. हिशेब सोपा आहे: २० मध्ये अँपिअरची ०.०४ पट मिळवायची. म्हणजे ८० अँपिअरला २३ व्होल्ट, गुणाकार केला की साधारण १,८५० वॅट. त्यात मशीन स्वतः थोडी वीज खातं, आणि छोट्या इन्व्हर्टर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटवाल्या, मशीनचा पॉवर फॅक्टरही बेताचाच असतो, म्हणजे ते कामापेक्षा जास्त करंट ओढतं. त्यामुळे भिंतीतून ओढले जातात १४ अँपिअरच्या आसपास. १२० अँपिअर लावले तर हाच आकडा २३ वर जातो, आणि खरोखरच २०० लावले तर चाळिशीला पोहोचतो. आपलं मोठ्यातलं मोठं घरगुती सॉकेट १६ अँपिअरचं. म्हणजे त्या 'दोनशे'मधले निम्म्याहून जास्त अँपिअर मी फक्त खोक्यावर विकत घेतले होते.

बरं, ते लागतात तरी कशाला? घरी आपण करतो काय, तर १६ किंवा १८ गेजचा स्क्वेअर पाइप, पट्टी, पाऊण-एक इंची अँगल, गेटचं तुटलेलं बिजागर. या कामाला १२ नंबरचा रॉड, म्हणजे अडीच एमएम, पुरतो आणि तो ६० ते ९० अँपिअरमध्ये छान चालतो. जरा जाड अँगल आला तर १० नंबर, म्हणजे ३.१५ एमएम, ९० ते १३० वर. ८ नंबरचा रॉड हातात घ्यायची वेळ हौशी माणसावर येत नाही. आलीच तर ते काम शेडवाल्याकडे द्यावं. तेव्हा खरे १४०-१६० अँपिअर देणारं मशीन घराला भरपूर झालं.

घ्यायला जाण्याआधी लाइटबिल काढा. त्यावर 'मंजूर भार' लिहिलेला असतो. माझ्या बिलावर २ किलोवॅट होता. फ्रिज, पंखे, पाण्याची मोटर यांच्या जोडीला वेल्डिंग म्हटल्यावर तो कसा पुरणार? जमत असेल तर वायरमनकडून मेन बोर्डापासून ४ स्क्वेअर एमएमची वेगळी लाइन ओढून घ्या आणि तिला स्वतंत्र सी-कर्व्ह एमसीबी लावा. घरात सहसा बी-कर्व्ह असतो. रॉड टेकवताना क्षणभर करंटचा जो झटका बसतो, त्यालाच तो घाबरून पडतो.

आणि इथेच सगळ्यात घातक चूक होते. एमसीबी पडतो म्हणून वायर तीच ठेवून एमसीबी मोठा बसवायचा. एमसीबी वायरला वाचवायला असतो, मशीनला नाही. मोठा बसवला की तो पडायचा थांबतो आणि भिंतीच्या आत वायर तापू लागते. वास यायला लागेपर्यंत कुणाला कळतही नाही.

एक्स्टेन्शनचंही तसंच. मिक्सर, इस्त्रीसाठी घेतलेल्या बोर्डाची वायर पाऊण किंवा एक एमएमची असते. एक एमएमची वीस मीटर तांब्याची वायर २० अँपिअर ओढताना जाता-येता मिळून पंधराएक व्होल्ट खाते, अडीच एमएमची असेल तर सहा. गावाकडे संध्याकाळी आधीच व्होल्टेज रडत असतं, त्यात हे पंधरा गेले की रॉड पेटतो न पेटतो आणि शिव्या मशीनला बसतात. वायर गुंडाळीत ठेवून तर कधीच वापरू नका. मधल्या वेटोळ्यांची उष्णता बाहेर पडत नाही. माझ्या शेजाऱ्यांची अशीच एक गुंडाळी वितळून लाकडी ओंडक्यासारखी घट्ट झाली. ती त्यांनी अजून ठेवलीय, पोरांना दाखवायला.

मागची पट्टी वाचत नाही

खोक्यावर काय छापलंय ते विसरा. मशीनच्या मागे किंवा पोटाखाली धातूची नाहीतर स्टिकरची पट्टी असते, ती मोबाइलच्या टॉर्चने वाचा. चार गोष्टी बघायच्या. 'एक्स' समोर टक्केवारी असते, तो ड्यूटी सायकल. त्याखाली 'आय-टू', म्हणजे त्या टक्क्याला मिळणारे अँपिअर. 'यू-झीरो' म्हणजे रॉड पेटण्याआधीचं व्होल्टेज. ते ६० च्या वर असेल तर रॉड लवकर पेटतो. आणि 'आय-वन-मॅक्स', म्हणजे भिंतीतून ओढला जाणारा जास्तीत जास्त करंट. हा शेवटचा आकडा तुमच्या वायरमनला दाखवायचा. पट्टीच नसेल, किंवा तिच्यावर नुसतंच 'हाय क्वालिटी' छापलेलं असेल, तर मशीन खाली ठेवा आणि चहा पिऊन घरी या.

ड्यूटी सायकल दहा मिनिटांत मोजतात. ३० टक्के म्हणजे तीन मिनिटं जोडायचं, सात मिनिटं मशीनला विसावा. विक्रेते यावरून फार घाबरवतात, पण माझ्या मते हौशी माणसाने याचा एवढा बाऊ करू नये. अडीच एमएमचा रॉड मिनिटभरात संपतो. मग हातोडीने कवच काढा, ब्रश मारा, गुण्या लावून कोन बघा, पुढचा तुकडा शोधा. दहा मिनिटांत तीन रॉड जाळणारा नवशिका मी अजून पाहिलेला नाही. शिवाय करंट कमी केला की विसावाही कमी लागतो. ३० टक्क्यांना २०० देणारं मशीन ११० वर सलग चालू शकतं. मात्र काम संपलं की लगेच बटण बंद करू नका, पंखा पाचेक मिनिटं फिरू द्या.

पंख्यावरून आठवलं. मशीनशेजारी बसून ग्राइंडर चालवणं ही अगदी घरोघरची चूक. पंखा हवा आत ओढतो तशी लोखंडाची भुकटीही ओढतो. ती सर्किटच्या कार्डवर बसते आणि एक दिवस पावसाळी दमटपणात 'फट्' असा आवाज येतो. मशीन एका कोपऱ्यात ठेवा आणि ग्राइंडर दुसऱ्या. वापर नसताना जाळीवर कापड टाका. उबदार जागा म्हणून पाली आत शिरतात, हे थट्टेने सांगत नाही.

दोन 'अर्थिंग'चा घोळ

आपल्याकडे वेल्डिंगवाले कामाला लावायच्या चिमट्याला 'अर्थिंग' म्हणतात, आणि भिंतीतल्या तिसऱ्या पिनेलाही 'अर्थिंग'च. शब्द एक असला तरी कामं अगदी वेगळी. चिमटा हा करंटच्या परतीचा रस्ता आहे, तो तुम्हाला शॉकपासून वाचवत नाही. शॉकपासून वाचवते ती तिसरी पिन. "अर्थिंग लावलंय ना!" म्हणत दोन पिनांच्या टॉपवर मशीन चालवणारे लोक मी पाहिलेत.

चिमटा जोडायच्या जागेपासून वीतभर अंतरावर, रंग-गंज घासून चकचकीत केलेल्या लोखंडावर लावायचा. तो बाल्कनीच्या ग्रिलला किंवा नळाच्या पाइपला अडकवून पलीकडे जोडत बसलात, तर करंट परतीसाठी मिळेल तो रस्ता धरतो, आणि त्या रस्त्यात घरातली वायरही असू शकते. मोटारसायकलचं स्टँड जोडायचं असेल तर आधी बॅटरीच्या वायरी काढा, आणि करंट बेअरिंगमधून जाणार नाही अशा बेताने चिमटा लावा. भाजलेलं बेअरिंग नंतर कण्हत राहतं.

कोणतं मशीन?

जुनं तांब्याच्या वाइंडिंगचं ट्रान्सफॉर्मर मशीन दणकट असतं, पिढ्यान् पिढ्या चालतं. पण ते उचलायला दोन माणसं लागतात, आणि शेडमधली बरीचशी दोन फेजवर चालतात. घरात ती सोय नसते. स्वस्तात मिळतंय म्हणून ते आणू नका.

मिग मशीनचे, म्हणजे रॉडऐवजी वायर आपोआप पुढे सरकणाऱ्या मशीनचे, व्हिडिओ बघून बरेच जण तिकडे वळतात. बीड, म्हणजे जोडाची रेघ, सुरेख येते, खरंय. पण गॅसचं करायचं तर सिलिंडर सांभाळा, आणि गच्चीवर वारा सुटला की गॅस उडून जोड जाळीदार होतो. बिनगॅसची फ्लक्स-कोअर, म्हणजे पोटात फ्लक्सची भुकटी भरलेली, वायर वापरता येते, पण तिला टॉर्च निगेटिव्हला जोडावी लागते. साध्या वायरला बरोबर उलटं. ही अदलाबदल न केल्याने ठिणग्यांचा पाऊस पडतो आणि लोक मशीन परत करायला निघतात. १२ नंबरच्या ६०१३ रॉडचं, म्हणजे साध्या लोखंडाच्या नेहमीच्या रॉडचं, पाकीट तालुक्याच्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, फ्लक्स-कोअर वायरचं तसं नाही. पहिलं मशीन साधं रॉडचंच घ्या.

रॉड, मिग आणि टिग (टंगस्टनच्या सुईने जोडायची पद्धत) एकत्र असलेलं 'थ्री इन वन' बघून ॲल्युमिनियमची स्वप्नं पडत असतील तर ती आवरा. टिगने ॲल्युमिनियम जोडायला एसी लागतो आणि ही छोटी मशीनं डीसी असतात. स्टेनलेस स्टीलचं भांडं-रेलिंग मात्र जमतं, ३०८ एल रॉड घेतला की झालं.

मशीनबरोबर येणारा रॉड धरायचा होल्डर आणि दीड-दोन मीटरची वायर बहुधा कामचलाऊ असते. वायरच्या टोकाला ब्लेडने खरवडा. तांब्याच्या मुलाम्याखाली पांढरं दिसलं तर आत ॲल्युमिनियम आहे, ती जास्त तापणार. तीन मीटर तांब्याची केबल, स्प्रिंग घट्ट असलेला होल्डर आणि जड चिमटा घेतलात तर तेच मशीन बदलल्यासारखं वाटेल.

काच १० किंवा ११ नंबरची हवी. गॉगल चालत नाही, एक्स-रेची फिल्म चालत नाही, "टॅक (छोटा टाका) मारतोय फक्त, डोळे मिटतो" हेही चालत नाही. आर्कचा मार लगेच कळत नाही. तो काही तासांनी, बहुधा रात्री दोनला, डोळ्यांत मूठभर वाळू घातल्यासारखा जागा होतो. बटाट्याच्या चकत्या ठेवत बसू नका, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. अंगात सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट हवा. टेरिकॉट ठिणगीने वितळून कातडीला चिकटतं. पायात बूट हवेत. चप्पल घालून वेल्डिंग करणाऱ्याचा नाच मी स्वतः केलाय.

घरी आणल्यावर बिघडतं ते

रॉड सारखा चिकटतोय? आधी करंट पाच-दहाने वाढवा, मग चिमट्याखालचा रंग बघा, मग एक्स्टेन्शन काढून थेट सॉकेटला लावून बघा. रॉड टेकवायचा नसतो, काडेपेटीवर काडी ओढावी तसा ओढायचा आणि लगेच त्याच्या जाडीएवढा वर धरायचा. पावसाळ्यात मात्र दोष रॉडचाही असतो. ओला रॉड फडफडतो, कवचाला भेगा पडतात. ६०१३ चे रॉड झाकणाच्या डब्यात ठेवा आणि दमट झालेच तर शंभरेक अंशांवर अर्धा-एक तास वाळवा. फार भाजलेत तर बिघडतात, कारण त्यांच्या लेपाला थोडा ओलावा लागतोच. ७०१८ या दुसऱ्या जातीच्या रॉडला तीनशेच्या वर तापवावं लागतं, तो घरच्या हौशीचा रॉडच नव्हे.

१८ गेजच्या पाइपाला भोकं पडतायत? दोन एमएमचा रॉड घ्या, ४५-५० अँपिअरवर या, होल्डर निगेटिव्हला जोडा आणि सलग ओढण्याऐवजी टॅक-टॅक करत जा, मध्ये लाल रंग उतरू द्या. फटीत जुन्या रॉडची कवच झाडलेली तार ठेवली तर उत्तमच.

जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, पाइप जोडताना पांढरा धूर येतो तो जस्ताचा. लोखंड वितळतं पंधराशे अंशांच्या आसपास, जस्त ९०७ लाच उकळून उडतं. तो धूर पोटभर घेतला की संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. जोडाच्या दोन्ही बाजूंचा मुलामा घासून काढा, उघड्यावर बसा आणि वाऱ्याकडे पाठ न करता तो आडवा जाऊ द्या. तेल-डिझेलच्या जुन्या पिंपाला तर हातच लावू नका. धुतलेलं दिसलं तरी आत वाफ राहते आणि ते फुटतं.

दुसरं मशीन घेताना मी १८ गेजचे पाइपाचे दोन तुकडे आणि माझंच वीस मीटरचं एक्स्टेन्शन पिशवीत घालून गेलो. दुकानदाराने आधी भुवया उंचावल्या, मग मागच्या अंगणात लावून दिलं. तीन मशीनं लावली. पहिलं एक्स्टेन्शनवर पेटेचना. दुसऱ्याने भोक पाडलं, त्याचा करंट पुरेसा खाली उतरतच नव्हता. तिसरं १६० चं, दिसायला सगळ्यांत साधं, त्याने माझ्या वेड्यावाकड्या हातानेही एक बरी रेघ ओढली. तोच पाइपाचा तुकडा आता टेबलावर पेपरवेट म्हणून आहे.