जावास्क्रिप्टने पेजवर एलिमेंट बनवायच्या आधी काय काय तयार ठेवायचं

सगळ्यात आधी एचटीएमएलमध्ये रिकामी जागा करून ठेवा, एखादी डिव्ह (साधा डबा) किंवा यूएल (यादीचा टॅग), तिला आयडी द्या आणि तोच आयडी पेजवर अजून कुठे दिलेला नाही ना ते बघा. स्क्रिप्ट टॅग हेडमध्ये असेल तर डिफर (पेज वाचून झाल्यावरच स्क्रिप्ट चालव असं सांगणारं अ‍ॅट्रिब्यूट) लावलंय का तेही बघून घ्या, नाहीतर स्क्रिप्ट आधी पळते, डिव्ह तेव्हा आलेलीच नसते आणि मग कन्सोलमध्ये नलचा (म्हणजे एलिमेंट सापडलंच नाही असा) एरर बघत बसायचं (स्क्रिप्ट टॅगवर टाइप मॉड्यूल असेल तर डिफर वेगळं लावायची गरज नाही).

आता खरा प्रश्न, इनरएचटीएमएल (टॅगसकट मजकूर एकदम आत घालायचा) वापरायचं की क्रिएटएलिमेंट (एकेक एलिमेंट कोडने बनवायचं), आणि हे आधीच ठरवा कारण नंतर बदलायचं म्हणजे निम्मा कोड परत लिहायचा. तुम्ही स्वतः लिहिलेला ठरावीक मजकूर असेल तर इनरएचटीएमएल चालेल, पण युजरने टाइप केलेलं काहीही आत जाणार असेल तर क्रिएटएलिमेंट आणि टेक्स्टकंटेंटच, कारण टेक्स्टकंटेंट आतले टॅगही साधा मजकूर म्हणूनच दाखवतं. बरेच जण म्हणतात की इनरएचटीएमएलने घातलेला स्क्रिप्ट टॅग चालतच नाही मग घाबरायचं कशाला, अहो पण इमेज टॅगचा ऑनएरर (चित्र लोड झालं नाही की चालणारा कोड) चालतो ना! आणि लूपमध्ये इनरएचटीएमएल प्लस इक्वल टू (+=, आधीच्यात भर घालणं) तर नकोच नको, दरवेळी आतलं सगळं पुसून नव्याने बनतं, आतल्या बटणांना लावलेले लिसनर (क्लिक वगैरे झाल्यावर चालणारा कोड) जातात, इनपुटमध्ये कोणी अर्धवट टाइप केलेलं असेल तेही जातं, आणि एवढं होऊन एरर काहीच येत नाही.

कार्ड किंवा टेबलची रो अशी एकच रचना परत परत लागणार असेल तर टेम्प्लेट टॅग (पेजवर न दिसणारा साचा) लिहून ठेवा आणि त्याचं क्लोन म्हणजे प्रत काढा, फक्त त्याच्या आत आयडी ठेवू नका, क्लोनबरोबर तोही येतो. अ‍ॅडइव्हेंटलिसनरने लावलेले लिसनर मात्र क्लोनमध्ये येत नाहीत, म्हणून क्लिकचा लिसनर सरळ बाहेरच्या यूएलवर एकदाच लावा आणि कुठल्या बटणावर क्लिक झालं ते क्लोझेस्टने (क्लिक झालेल्या जागेपासून वर जवळचं जुळणारं एलिमेंट शोधणारी मेथड) शोधा, नंतर आलेल्या एलिमेंटनाही तो लागू होतो.

काढायचं कसं तेही बघून ठेवा. एकच काढायचं तर रिमूव्ह, सगळं रिकामं करायचं तर रिप्लेसचिल्ड्रन. गेटएलिमेंट्सबायक्लासनेमची यादी लाइव्ह असते, म्हणजे एलिमेंट काढलं की यादीही लगेच छोटी होते, पुढून मागे लूप फिरवत काढत गेलात तर एक सोडून एक मागे राहतं, त्यापेक्षा क्वेरीसिलेक्टरऑल बरं, त्याची यादी अशी बदलत नाही.

टेस्टिंगला तीन डेटा हाताशी ठेवा, एक रिकामा अ‍ॅरे (यादी), एक भरपूर लांब नाव आणि एक अँगल ब्रॅकेट (< >) असलेलं नाव, आणि लोडचं बटण लागोपाठ दोनदा दाबून यादी डबल होते का तेवढं बघा.