निवेदकाच्या शब्दावर किती विसंबावे: ‘द टेल-टेल हार्ट’ कशी वाचावी

एडगर ॲलन पो यांची ‘द टेल-टेल हार्ट’ ही कथा जानेवारी १८४३ मध्ये ‘द पायोनियर’ या अमेरिकी मासिकात प्रथम छापून आली. एका बैठकीत सहज वाचून होणाऱ्या या कथेत एक खुनी स्वतःच्या तोंडाने एका म्हाताऱ्याच्या खुनाची हकिगत सांगतो. मात्र त्याची धडपड गुन्हा नाकारण्यासाठी नसून आपण वेडे नाही हे पटवण्यासाठी असते. अशा अविश्वसनीय, म्हणजे ज्याच्या शब्दावर विसंबता येत नाही अशा, निवेदकाची कथा उलगडायची असली, तरी पहिले वाचन त्याच्यावर विश्वास ठेवूनच करावे. संशय घेण्याची घाई केली की भीती ओसरते आणि हाती नुसते कोडे उरते.

दुसऱ्या वाचनाला पेन्सिल घेऊन बसावे. निवेदकाने घडले म्हणून सांगितलेले एका बाजूला आणि त्याचा त्याने लावलेला अर्थ दुसऱ्या बाजूला, अशी विभागणी करत जावे. पहिल्या बाजूचे तपशील कमालीचे काटेकोर निघतात: सलग सात रात्री बाराच्या सुमारास म्हाताऱ्याचे दार उघडणे, नुसते डोके आत घालायला तासभर लावणे, कंदील किंचित उघडून एकच बारीक किरण त्याच्या डोळ्यावर पाडणे. घोळ आहे तो दुसऱ्या बाजूला. इतकी सावधगिरी बाळगणारा माणूस वेडा कसा असेल, असे तो विचारतो. पण म्हाताऱ्यावर आपले प्रेम होते, त्याच्या सोन्याची हाव नव्हती, केवळ त्याच्या फिकट निळ्या, पडदा आलेल्या डोळ्यापासून सुटका हवी होती, हेही तोच सांगतो. म्हणून ‘हा खोटारडा आहे’ एवढ्यावर थांबू नये. जे पाहिले ते नीट सांगणारा, पण त्यावरून भलताच निष्कर्ष काढणारा निवेदक साध्या खोटारड्यापेक्षा कितीतरी अवघड असतो.

अपराधभाव शोधायला बहुतेक वाचक थेट शेवटच्या कबुलीकडे जातात. माझ्या मते त्याची खूण बरीच आधी, आठव्या रात्री सापडते. कंदिलावरून अंगठा घसरल्याच्या आवाजाने जागा झालेला म्हातारा अंधारात कण्हतो, तेव्हा हे कण्हणे आपल्या ओळखीचे आहे, कित्येक मध्यरात्री ते आपल्याच छातीतून उमटले आहे, असे निवेदक सांगून जातो. त्याला म्हाताऱ्याची कीव येते, आणि तरी तो मनात हसतो. खून अजून व्हायचा आहे. म्हणजे ज्या भीतीचे खापर पुढे गुन्ह्यावर फोडता येईल, ती त्याच्याकडे आधीपासूनच मुक्कामाला आहे. या ओळीखाली दोनदा रेघ मारावी.

त्यानंतर कापसात गुंडाळलेल्या घड्याळासारख्या दबक्या, वेगवान आवाजाचे दोन्ही उल्लेख शेजारी ठेवून वाचावेत. पहिल्यांदा तो जिवंत म्हाताऱ्याच्या खोलीत ऐकू येतो, दुसऱ्यांदा प्रेत फळ्यांखाली पुरल्यावर, आणि वर्णन जवळजवळ शब्दशः तेच असते. निवेदक तो आवाज म्हाताऱ्याच्या हृदयाचा मानतो; पण हृदय निवेदकाचे स्वतःचेच धडधडत असावे, हे उत्तर चटकन सुचते. भिंतीतल्या किड्यांची टिकटिक आपण रात्रीमागून रात्री ऐकत आलो आहोत, असेही तो मध्येच म्हणतो, त्यामुळे तो आवाज त्या किड्यांचाच असावा, असे काहींना वाटते. कथा कोणत्याच उत्तरावर शिक्का मारत नाही, तेव्हा वाचकानेही मारू नये.

पोलिसांच्या प्रसंगात निवेदकाची टिप्पणी बाजूला सारून केवळ त्यांचे वागणे टिपावे. शेजाऱ्याने किंकाळी ऐकल्यामुळे तिघे चौकशीला येतात. ती आपणच झोपेत फोडली, असे तो सांगतो, त्यांना घरभर हिंडवतो आणि आपली खुर्ची नेमकी पुरलेल्या जागेवर मांडतो. ते बसून इकडच्यातिकडच्या गप्पा मारतात, हसतात. यापलीकडे त्यांच्याकडून काही घडत नाही. त्यांना आवाज ऐकू येतो आहे आणि ते आपली टर उडवत आहेत, हा सगळा त्याचाच समज. शेवटी तो ओरडतो तेव्हा ढोंग पुरे करा, असे त्यांनाच बजावतो. त्या खोलीत ढोंग करणारा कोण होता, हे पाहिले की अपराधभाव कसा दुसऱ्याच्या माथी मारला जातो ते दिसते.

हीच पद्धत पो यांच्या त्याच वर्षीच्या ‘द ब्लॅक कॅट’ला लावून पाहावी. तिथे निवेदक पोलिसांसमोर, काही गरज नसताना, ज्या भिंतीआड प्रेत दडवले तिच्यावरच काठीने ठोकतो. त्याने या कृतीचे दिलेले कारण आधी लिहून काढावे आणि मगच पुढचे वाचावे.