बेल्टची टुणटुण बंद करताय? घरच्या गाडीतल्या या चुका टाळा

इंदूरकरांना महेश्वर म्हणजे घरचं अंगण. नव्वदेक किलोमीटर, सकाळी पोहे-जिलबी खाऊन निघालं की दुपारच्या आत नर्मदेत पाय. मागच्या श्रावणात असेच निघालो. गाडी मी चालवत होते, शेजारी सासूबाई, मागे नवरा, धाकटी जाऊ आणि तिच्या मांडीवर नऊ महिन्यांचं बाळ. राऊ येईपर्यंत गाडी टुणटुण करत होती, कारण सासूबाईंनी बेल्ट लावला नव्हता. "अगं बाई, बंद कर ते. डोकं उठलं माझं." मागून नवऱ्याचा हात पुढे आला आणि त्यानं एक चकचकीत पत्र्याची पट्टी बकलमध्ये खुपसली. टक्. शांतता. गाडीच्या हिशेबी सासूबाई आता बेल्टमध्ये होत्या.

ही पट्टी बऱ्याच घरांत आहे. काही पट्ट्यांना दुसऱ्या टोकाला सोड्याची बाटली उघडायची सोयही असते, म्हणजे बनवणाऱ्याची कल्पनाशक्ती बघा. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं मोठ्या ऑनलाइन दुकानांना या पट्ट्या विक्रीतून काढायला लावल्या. तरी दुकानात मागितली की मिळते.

पण पट्टीला नावं ठेवण्याआधी मी सासूबाईंना विचारलं, बेल्ट का नको? उत्तर साधं होतं: "गळ्याला काचतो." त्यांची उंची पाच फुटांच्या आत, त्यामुळे पट्टा खांद्यावरून न जाता मानेवर घासत होता. दाराशेजारच्या खांबावर, पट्टा जिथून खाली येतो तिथे, बऱ्याच गाड्यांत वर-खाली सरकणारी कडी असते. ती दोन खाचा खाली घेतली आणि काचणं संपलं. गाडीतल्या बहुतेक चुकांची गोष्ट अशीच असते. काहीतरी टोचतं, काचतं किंवा ओरडतं; ते नीट करायला दोन मिनिटं लागतात आणि आपण त्याचं तोंड बंद करून मोकळे होतो.

बेल्ट लावलाय, पण कसा?

खांद्यावरचा पट्टा गळपट्टीच्या हाडाच्या मधोमध हवा. काचतो म्हणून काखेखालून घेतला तर धडकेचा सगळा भार बरगड्यांवर येतो. मांडीवरचा पट्टा पोटावर नको, कमरेच्या दोन्ही हाडांवर खाली बसायला हवा. साडी असेल तर निऱ्यांचा आणि पदराचा बोळा पट्ट्याखाली राहतो आणि पट्टा नकळत वर, पोटावर चढतो. आधी बेल्ट लावायचा, मग पदर पट्ट्यावरून घ्यायचा. गरोदर बाईनं खालचा पट्टा पोटाच्या खालून घ्यायचा. "त्या दिवसांत बेल्ट नको" हा सल्ला आमच्याकडे प्रत्येक मावशी देते, तो ऐकू नका.

बेल्ट ओढला की अडकतो, अशी तक्रार असेल तर बेल्ट सहसा बिघडलेला नसतो. झटका बसला की अडकणं हेच त्याचं काम आहे, उतारावर उभ्या गाडीतही तो अडकतो. पूर्ण सैल सोडा, मागे जाऊ द्या आणि सावकाश ओढा. शेजारची सीट रिकामी असून गाडी ओरडत असेल तर सीटवर काय ठेवलंय ते बघा. पाच किलो बटाट्याची थैली गाडीला माणूस वाटते. आणि बकल बसतच नसेल तर त्यात टॉर्च मारा. आमच्या बकलमध्ये रतलामी शेव निघाली. व्हॅक्युम क्लिनरनं ओढून काढा, तेल घालू नका.

मागच्या सीटवरही बेल्ट सक्तीचा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-बी नुसार बेल्ट नसेल तर दंड १००० रुपये, आणि चौदा वर्षांखालचं मूल बेल्टविना किंवा चाइल्ड सीटविना बसवलं तरी तेवढाच. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळच्या अपघातात सायरस मिस्त्री गेले ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी बेल्ट लावलेला नव्हता. त्यानंतर महिनाभर सगळ्यांनी मागचे बेल्ट शोधले. आमच्या गाडीतले तर सीट कव्हरखाली दबलेले होते.

मांडीवरचं बाळ

ही चूक मायेपोटी होते, म्हणून तिच्यावर बोलणं सगळ्यात अवघड. "माझ्या हातातून कसं सुटेल?" असं जाऊ म्हणाली. मी तिला हिशेब सांगितला. गाडी ताशी पन्नासच्या वेगानं कशावर तरी आदळली की बाळाचं वजन क्षणभर वीस-तीस पट झाल्यासारखं होतं. दहा किलोचं बाळ तेव्हा दोन-तीनशे किलोच्या ओढीनं पुढे जातं, ते कुठल्या आईच्या हातात राहील? आणि आईनं स्वतः बेल्ट लावलेला नसेल तर मधे सापडतं ते बाळच. आई आणि बाळ मिळून एकच बेल्ट लावणं हाही उपाय नव्हे.

तान्ह्या बाळाची चाइल्ड सीट मागच्या सीटवर, बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला अशी बसवतात. बाळाचं डोकं शरीराच्या मानानं जड आणि मान कच्ची असते, उलट बसवल्यानं झटका सगळ्या पाठीवर वाटला जातो. वाढदिवस झाला की लगेच सीट फिरवायची घाई करू नका, सीटवर लिहिलेल्या उंची-वजनाच्या मर्यादेपर्यंत तशीच ठेवा. अशी उलटी सीट पुढे, चालू एअरबॅगसमोर, कधीच ठेवायची नाही. एअरबॅग थेट सीटच्या पाठीवर आदळते.

सीट डुगडुगत असेल तर मागच्या गादी आणि पाठीच्या फटीत बोटं घाला. आयसोफिक्सचे, म्हणजे चाइल्ड सीट अडकवायचे लोखंडी आकडे बहुतेक नव्या गाड्यांत तिथे सापडतील. सीट त्यात अडकवून तळाशी धरून हलवा, इंचभराहून जास्त हलता कामा नये. बाळाचे पट्टे खांद्यापाशी चिमटीत धरून बघा. चिमटीत पट्ट्याची घडी आली तर ते सैल आहेत.

बाळ रडतं, हे खरं. आमचंही पहिले दोन प्रवास भेरूघाटात ऐकू जाईल इतकं रडलं. तिसऱ्या वेळी झोपलं.

एअरबॅग: किती लांब, समोर काय

एअरबॅग बेल्टच्या जोडीला असते, बेल्टच्या बदल्यात नाही. ती साधारण तीस मिलिसेकंदांत फुगते, पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. बेल्ट नसलेला माणूस तोवर पुढे झुकलेला असतो आणि फुगणारी पिशवी त्याच्या तोंडावर येते.

माझी स्वतःची चूक इथली. उंची कमी म्हणून मी वर्षभर स्टिअरिंगला चिकटून बसायचे. छातीपासून स्टिअरिंगच्या मध्यापर्यंत किमान २५ सेंटिमीटर हवेत, म्हणजे माझी एक वीत आणि वर चार बोटं. सीट मागे घेतली तर पाय पोचत नव्हते. मग सीट उंच केली, पाठ थोडी सरळ केली, स्टिअरिंग खाली घेतलं आणि जमलं. या तिन्ही गोष्टींचे खटके गाडीत पहिल्या दिवसापासून होते.

आता डॅशबोर्डवरचा गणपती. शेजारच्या सीटसमोर जिथे एअरबॅग लिहिलेलं असतं, नेमकं त्याच झाकणावर आपण बाप्पा चिकटवतो, कारण जागा सपाट असते. झाकण उघडलं की मूर्ती गोळीसारखी सुटते. आमचा बाप्पा आता मधल्या खणात, गिअरच्या पुढे बसतो. आणि भाद्रपदात मूर्ती घरी आणताना पुढच्या सीटवर मांडीवर धरून, बेल्ट न लावता बसायची आपली पद्धत तर सगळीकडे दिसते. मूर्ती मागच्या सीटसमोर खाली, पायाशी, दोन्ही बाजूंनी उशा लावून ठेवली तर रंगही जात नाही आणि हातही भंगत नाही. पायाशी ठेवली म्हणून सासूबाई पहिल्या वर्षी नाराज होत्या. मग खाली पाट ठेवला, त्यावर लाल कापड घातलं. चाललं.

चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझायला हवा. तो लागलेलाच राहिला तर एअरबॅग कदाचित उघडणार नाही. पुष्कळदा कारण पुढच्या सीटखाली असतं. तिथल्या पिवळ्या जोडणीला कोंबलेली छत्री किंवा चपलांची पिशवी धक्का देते. ती स्वतः ओढू-खेचू नका, वर्कशॉपमध्ये दाखवा. सीटच्या कडेला एअरबॅगचं लेबल असेल तर सगळी सीट गुंडाळणारं जाड कव्हर घालू नका, बाजूची एअरबॅग तिथूनच बाहेर येते.

काच धूसर झाली आणि मी एसी बंद केला

त्याच प्रवासात मानपूरच्या आसपास पाऊस लागला आणि समोरची काच दुधासारखी झाली. मी घाबरून एसी बंद केला आणि हातानं काच पुसली. दोन्ही चुकलं.

आधी वाफ कुठल्या बाजूला आहे ते ओळखायचं. वायपर एकदा फिरवा. काच साफ झाली तर वाफ बाहेरून आहे: आत एसीनं काच गार केलीय आणि बाहेरची दमट हवा तिच्यावर जमतेय. तापमान २४-२५ वर न्या, वारा काचेवरून हटवा. वायपरनं काहीच फरक पडला नाही तर वाफ आतून आहे, पाच माणसांचा श्वास आणि ओल्या छत्र्या. तेव्हा एसी चालूच ठेवायचा, कारण तो हवेतला ओलावा काढून घेतो. वारा काचेकडे वळवायचा आणि बाहेरची हवा आत येऊ द्यायची. गाडीत गोल वळणाऱ्या बाणाचं बटण असतं, ते लावलेलं असलं की आतलीच हवा फिरत राहते. तिथेच अडतं.

तेच बटण तासन्‌तास लावून ठेवलं की जांभया आणि डोकेदुखी सुरू होते. आम्ही ऊन लागलं समजून त्यावर कांद्याचा उपाय करायचो. मे महिन्यात गाडी तापलेली असते तेव्हा आधी मिनिटभर काचा उघड्या ठेवून गरम हवा जाऊ द्या, मग काचा लावून आतली हवा फिरवा, गाडी गार झाली की अधूनमधून बाहेरची हवा घ्या. वारा कमी आणि कुबट वास असेल तर गॅस भरायला धावू नका. आमच्या मेकॅनिकनं खणामागून केबिन फिल्टर, म्हणजे आत येणाऱ्या हवेची गाळणी, काढून दाखवला, तो शेगडीच्या जाळीसारखा काळा होता. "भाभीजी, गॅस पूरी है, साँस बंद है," असं त्याचं निदान.

एसी लावून, काचा बंद करून उभ्या गाडीत झोपू नका, आणि बाळाला "दोनच मिनिटं" म्हणून बंद गाडीत ठेवू नका.

घाट उतरताना

मानपूर ते धामनोद हा विंध्याचा उतार. यातल्या गणेश घाटाचं नाव ब्रेक फेल झालेल्या ट्रकमुळे पेपरात येत राहिलं. पेट्रोल वाचतं म्हणून उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकणारे अजून भेटतात. आजच्या गाडीत उलटं आहे: गिअरमध्ये राहून पाय काढला की इंधन जवळजवळ थांबतं, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतंच. शिवाय सगळा भार ब्रेकवर पडतो, ते तापतात आणि धरेनासे होतात. उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर घ्या. ऑटोमॅटिक असेल तर एल किंवा मॅन्युअल मोड त्यासाठीच आहे.

पुढे ओल्या रस्त्यावर अचानक गाय आली. मी ब्रेक जोरात दाबला तर पेडल पायाखाली थडथड थरथरलं आणि मी दचकून पाय उचलला. तो एबीएस होता, चाक घसरू नये म्हणून ब्रेक क्षणाक्षणाला सोडून धरत होता. पाय उचलायचा नसतो, दाबून ठेवून गाडी वळवायची असते. गाय स्वतःच बाजूला झाली, म्हणून हे लिहायला मी आहे.

ड्रायव्हरच्या पायाशी पाण्याची बाटली नको, ती घरंगळून ब्रेकखाली जाते. एका मॅटवर दुसरी मॅट घालू नका. पावसात चारी इंडिकेटर लावून चालवू नका, मागच्याला तुमचं वळणं कळत नाही.

दार बिघडलेलं नव्हतं

महेश्वरला पोचल्यावर नवऱ्याचं मागचं दार आतून उघडेना. खटका ओढला, खांदा लावला, शेवटी मी बाहेरून उघडलं. परतल्यावर तो गाडी वर्कशॉपला न्यायला निघाला होता. दार उघडल्यावर त्याच्या कडेला बोटभर खटका असतो, त्यावर लहान मुलाचं चित्र असतं. गाडी धुताना तो खाली गेला होता. चाइल्ड लॉक. बाळ वर्षाचं होईल तेव्हा तो लागेलच, म्हणून दोन्ही दारांचा कुठे आहे ते नवऱ्याला दाखवून ठेवलंय. पट्टी त्याच्याकडून मी काढून घेतली. ती आता स्वयंपाकघरात आहे, सोड्याच्या बाटल्या छान उघडते.