कॉम्प्युटरचं घड्याळ सारखं मागे पडतंय? किनाऱ्यावर नुसता सेल बदलून भागत नाही

कॉम्प्युटरचं घड्याळ मागे पडतंय म्हटलं की दुकानदारापासून पुतण्यापर्यंत सगळ्यांचं एकच उत्तर: "सेल संपलाय, नवा घाला." सेल म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी; वीज नसताना घड्याळ तिच्यावर चालतं. घाटावर हे उत्तर बहुतेक वेळा खरंही असतं. मालवण, देवगड, वेंगुर्ला या पट्ट्यात दोन-तीन पावसाळे काढलेल्या मशीनचं तसं नाही. तिथे नवा सेल घालून माणूस जातो आणि गणपती व्हायच्या आत परत येतो: "नवो सेल घातलंय, तरी घड्याळ मागेच पडता!" हा लेख मुख्यतः त्या माणसासाठी.

आधी घड्याळ कसं चुकतंय ते बघा

बरोब्बर साडेपाच तासांचा फरक असेल तर कॅबिनेटला हात लावू नका. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असलं की हे होतं. विंडोज बोर्डावरच्या घड्याळात भारतीय वेळ लिहितं, लिनक्स तिथेच जागतिक प्रमाणवेळ लिहितं. लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगा, भांडण मिटेल. बरोब्बर अर्धा तास मागे असेल तर टाइम झोन इस्लामाबाद-कराचीचा निवडला गेलाय. यादीतून चेन्नई-कोलकाता-मुंबई-नवी दिल्ली निवडा आणि चहा प्या.

महिन्याला मिनिटभर चुकणं हा दोष नव्हेच. बोर्डावर क्वार्ट्झचा एक बारीक क्रिस्टल असतो, तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि त्यावरून घड्याळ सेकंद मोजतं. अशा क्रिस्टलमध्ये दहा लाखांत वीस एवढा फरक चालतो, म्हणजे दिवसाला पावणेदोन सेकंद. "गरमीमुळे मागे पडतं" हेही फार ऐकू येतं. क्रिस्टल २५ अंशांच्या आसपास नेमका चालतो आणि तापला की मंदावतो हे खरं, पण ४५ अंशांतही दिवसाला जेमतेम सव्वा सेकंद जातो. मिनिटं जायला लागली तर ते उन्हाळ्यावर ढकलू नका.

राहिली ती खरी केस. रात्री बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, जाऊन वेळ मोबाईलशी जुळवा, मशीन बंद करा, प्लग काढून ठेवा. सकाळी प्लग लावून थेट बायोसमध्येच जा. विंडोजच्या कोपऱ्यातलं घड्याळ बघू नका, कारण नेट लागलं की विंडोज वेळ परस्पर सुधारतं आणि तुमचा पुरावा पुसला जातो. तारीख कुठल्यातरी जुन्या वर्षाच्या जानेवारीत गेली असेल तर बोर्डाला सेल मिळत नाहीये. तारीख ठीक पण दहा-वीस मिनिटं कमी असतील तर सेल अशक्त आहे किंवा क्रिस्टलकडे गडबड आहे. रात्रीत काहीच फरक पडला नाही आणि वेळ फक्त मशीन चालू असतानाच जाते, तर सेल निर्दोष. बायोस आणि ड्रायव्हर अपडेट करा.

सेल बदलणं

बायोसच्या सगळ्या पानांचे मोबाईलवर फोटो काढा. सेल काढल्यावर सेटिंग मूळपदावर जातात आणि हार्डडिस्कचा मोड बदलला तर विंडोज सुरूच होत नाही. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर हवी, त्याच मशीनमध्ये नव्हे.

सेल सीआर २०३२, म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२ मिलिमीटर. दुकानात २०२५ पुढे केला तर घेऊ नका, तो २.५ मिलिमीटरचा, होल्डरमध्ये सैल बसतो. मुलांनी गिळू नये म्हणून कडू लेप दिलेले सेल मिळतात, त्यांचा लेप कधी कधी संपर्कात आड येतो. साधा मिळाला तर साधा घ्या, आणि मग जुना-नवा दोन्ही लहान मुलांपासून खरंच दूर ठेवा. पोटात गेलेला हा सेल काही तासांत अन्ननलिका जाळतो.

प्लग काढा, पॉवरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून ठेवा, सेल बदला. झालं.

नवा सेलही संपतो तेव्हा

इथेच सगळे अडकतात. मलाही या टप्प्याने पुष्कळ छळलंय, म्हणून जरा सविस्तर.

चांगल्या सेलमध्ये साधारण २२५ मिलिअँपिअर-तास असतात. प्लग काढलेल्या बोर्डाचं घड्याळ त्यातून पाचेक मायक्रोअँपिअर ओढतं. हिशोब करा, पाच वर्षं निघतात. तेच कुठूनतरी शंभर मायक्रोअँपिअर झिरपायला लागले तर तीन महिने. मृगात घातलेला सेल गणपतीत संपतो तो असा. त्यात सेलचा काही दोष नाही; तुम्ही दहा सेल बदललेत तरी दहाही संपतील.

झिरपतं ते मिठामुळे. खारं वारं पंख्यातून कॅबिनेटमध्ये शिरतं आणि बोर्डावर मिठाचा न दिसणारा थर बसतो. मे महिन्यापर्यंत तो सुका, निरुपद्रवी. पाऊस लागला की बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं तसं त्यालाही सुटतं आणि सेलच्या होल्डरपासून शेजारच्या रेषांपर्यंत वीज वाहू लागते. क्रिस्टलच्या दोन पायांमध्ये हा ओलावा आला तर त्याचे कंप बिघडतात, थांबतातही. म्हणून पावसाळ्यात मागे पडणारं घड्याळ थंडीत आपोआप सुधारतं आणि पुतण्या म्हणतो, "बघा, मी विंडोज नव्याने टाकलं म्हणून ठीक झालं."

टॉर्च तिरका धरून होल्डरभोवती बघा. सेलला टेकणाऱ्या धातूच्या पत्रीच्या बुडाशी हिरवट पावडर, सोल्डरवर पांढुरका चढ. देवगडजवळच्या एका बागायतदाराकडच्या मशीनमध्ये कुंभारीण माशीने होल्डरला टेकूनच मातीचं घरटं बांधलं होतं. वरून सुकं दिसत होतं, खालून दमट. पालीची विष्ठा तर नेहमीचीच.

खात्री करायची तर मल्टिमीटर लावा. सेल बाहेर काढा, त्याच्या दोन्ही तोंडांना टेपने एकेक वायर चिकटवा. उणेची वायर कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला, अधिकची वायर मीटरमधून होल्डरच्या अधिकच्या पत्रीला. मीटर मायक्रोअँपिअरच्या रेंजवर. दहाच्या आत आकडा असेल तर ठीक, पन्नास-शंभर दिसले तर चोर सापडला. एक ताकीद: या रेंजवर असलेला मीटर थेट सेलच्या दोन तोंडांना लावायचा नाही, सेल शॉर्ट होतो. नुसता व्होल्ट मोजून भागवू नका. हा सेल शेवटपर्यंत तीन व्होल्टच्या आसपास राहतो आणि मग एकदम कोसळतो. बाहेर काढून २.९ दाखवणारा सेल होल्डरमध्ये मान टाकू शकतो.

आता सफाई. जवळजवळ सगळे फक्त आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतात आणि तिथेच फसतात. मीठ त्यात विरघळत नाही म्हटलं तरी चालेल. तेल, चिकटा निघतो, बोर्ड लखलखतो आणि मीठ जागच्या जागी. मीठ पाण्यानेच जातं. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला आणलेलं डिस्टिल्ड वॉटर घरात असतंच, ते घ्या. नळाचं किंवा विहिरीचं पाणी नको, त्यात स्वतःचे क्षार असतात. प्लग आणि सेल दोन्ही काढलेले असताना मऊ टूथब्रश त्यात ओला करून झटका, आणि होल्डर व क्रिस्टलभोवती हलक्या हाताने फिरवा. क्रिस्टल म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी चंदेरी नळी किंवा छोटी चौकट. तिला दाबू नका, पाय तुटतात. घाण पाणी सुती कापडाने टिपा, पुन्हा एकदा करा. त्यानंतर अल्कोहोल, ते उरलेलं पाणी ओढून नेतं.

सॅनिटायझर चालणार नाही, त्यात ग्लिसरीन असतं. पेट्रोल नको, नेलपॉलिशचा थिनर नको. आणि पॉलिश पेपरने पत्री घासून चकचकीत करणाऱ्याच्या हातातून मशीन काढून घ्या. पत्रीवरचा मुलामा गेला की पुढच्याच पावसात तिथे गंज. फारच चढ असेल तर पेन्सिलचा खोडरबर, तोही एकदाच.

वाळवण्याची घाई नको. आषाढातल्या हवेत काहीच लवकर वाळत नाही. टेबल फॅनसमोर बोर्ड रात्रभर ठेवा. सकाळी पुन्हा मायक्रोअँपिअर मोजा. आकडा उतरला नसेल तर आणखी एकदा धुवा. तरीही नाही उतरला तर बोर्डावरचा एखादा कपॅसिटर किंवा डायोड गळतोय. जुन्या मशीनसाठी त्याच्या मागे लागू नका. वेळ नेटवरून आपोआप घ्यायला लावा आणि बायोस दर वेळी कुरकुरला तर कुरकुरू दे.

वेळ पुन्हा लावताना

तारीख आधी हाताने बरोबर करा, मगच "सिंक नाऊ" दाबा. घरगुती विंडोज पंधरा तासांपेक्षा मोठा फरक सहसा आपणहून सुधारत नाही, आणि तारीख २००९ ची असली की बँकेची साइटही सुरक्षित नाही म्हणून उघडत नाही. लोक मग नेट कंपनीला फोन लावतात.

बंद घरातलं मशीन

प्लग लावून भिंतीवरचं बटण चालू असेल तर बंद मशीनचं घड्याळही विजेवर चालतं, सेल वाचतो. चाकरमान्यांच्या घरात शिमग्यानंतर मेन स्विच पडतो तो गणपतीला उठतो. तेवढे महिने सगळा भार सेलवर. तरी विजांच्या दिवसांत प्लग काढाच. सेल बोर्डापेक्षा स्वस्त आहे. घर बंद करून जाताना कॅबिनेट जमिनीवरून उचलून कपाटावर ठेवा आणि वर चादर टाका. प्लॅस्टिक गुंडाळू नका, आत दव धरतं.