खेलरत्न कुणाला, अर्जुन कुणाला : कट्ट्यावर नीट वाद घालायची रीत

राष्ट्रीय क्रीडा पुरस्कारांची नावं बाहेर पडली की सांगलीत दोन-चार दिवस दुसरा विषय नसतो. विश्रामबागला चहाच्या गाड्यावर थांबा नाहीतर सकाळी आमराईत चालायला जा, कुणीतरी कुणालातरी सांगत असतोच की आपल्या पोरीला डावललं, नाहीतर क्रिकेटवाल्यांनाच देणार लगा हे. गंमत म्हणजे निम्म्या वेळा भांडणारे दोघं वेगवेगळ्या पुरस्कारावर भांडत असतात, एक खेलरत्नावर, दुसरा अर्जुनवर, आणि तिसरा मधेच पद्मश्री घुसडतो. पद्म पुरस्कारांचं काम गृह मंत्रालयाकडे असतंय, क्रीडा मंत्रालयाकडे नाही, त्यामुळं ते पहिल्यांदा टेबलावरून खाली काढा.

तर सुरुवात इथनं करायची, की आपण कुठल्या पुरस्काराबद्दल बोलतोय. अर्जुन १९६१ पासून आहे आणि पहिल्याच यादीत बॅडमिंटनचे नंदू नाटेकर होते, जन्म सांगलीचा, हे एकदा ठणकावून सांगून टाकायचं म्हणजे गावची हौस तिथंच फिटते. खेलरत्न १९९१-९२ पासून, पहिला मान विश्वनाथन आनंदचा, आणि २०२१ ला त्याला मेजर ध्यानचंद यांचं नाव दिलं. रक्कम खेलरत्नाची २५ लाख, अर्जुनची १५ लाख. द्रोणाचार्य कोचना, त्यात खेळाडू ओढायचे नाहीत. दोन्हींचा निकष मागच्या चार वर्षांची कामगिरी, फरक एवढाच की खेलरत्नाला त्या चार वर्षांतली सगळ्यात जबरदस्त कामगिरी लागते आणि अर्जुनला सातत्यानं चांगली कामगिरी, शिवाय नेतृत्व, खिलाडूवृत्ती आणि शिस्त. म्हणून "एवढा चांगला खेळतोय, खेलरत्न द्या की" हे वाक्य ऐकलं की लगेच विचारायचं, चांगला खेळतोय का सगळ्यात भारी खेळतोय?

अजून एक नियम लक्षात ठेवा, लय वाद वाचतात. खेलरत्न मिळालेल्याला नंतर अर्जुन देत नाहीत. २०२० ला कुस्तीची साक्षी मलिक आणि वेटलिफ्टिंगची मीराबाई चानू यांची नावं निवड समितीनं अर्जुनसाठी पुढं केली होती, मंत्रालयानं याच कारणावरून काढली. उलटं मात्र चालतं, आधी अर्जुन आणि मग खेलरत्न, बहुतेकांचा प्रवास तसाच असतो.

आता चार वर्षांची खिडकी. इथं जवळजवळ सगळेच घसरतात, कारण आपल्याला खेळाडू आठवतो तो त्याच्या सगळ्यात गाजलेल्या दिवसासकट आणि तो दिवस कधीकधी सहा वर्षांपूर्वीचा असतो. म्हणून बोलायच्या आधी कागदावर, नाहीतर मोबाईलच्या नोट्समध्ये, वर्षं लिहा आणि प्रत्येक वर्षासमोर फक्त देशासाठी खेळलेल्या स्पर्धा. आयपीएल, डब्ल्यूपीएल, कबड्डीची लीग, असल्या ट्रॉफ्या बाजूला ठेवा. माझं मत कडक आहे यात, फ्रँचायझीसाठी जिंकलेल्याचा मोबदला त्याला लिलावात मिळालेला असतोय.

यादीत नाव नाही म्हणून चिडायच्या आधी अर्ज केला होता का ते बघा. आता खेळाडू स्वतः ऑनलाइन अर्ज करू शकतो, फेडरेशनच्या शिफारशीची वाट बघत बसायला लागत नाही, पण म्हणजे अर्ज भरायची जबाबदारी पण त्याच्यावर आली. डिसेंबर २०२४ मध्ये मनू भाकरचं नाव खेलरत्नाच्या शिफारशीत नाही अशी बातमी आली तेव्हा सगळ्या देशानं आरडाओरडा केला, पॅरिसला एकाच ऑलिम्पिकमध्ये दोन ब्राँझ आणलेल्या पोरीला कसं काय विसरले म्हणून, आणि नंतर तिनंच लिहिलं की अर्ज भरण्यात बहुधा आपल्याकडूनच काहीतरी राहिलं असावं. शेवटी तिला मिळालं, बुद्धिबळाचा गुकेश, हॉकीचा हरमनप्रीत सिंग आणि पॅरा उंच उडीचा प्रवीण कुमार यांच्या बरोबर. पण तोवर कट्ट्यांवर निम्म्या मंत्रालयाला शिव्या घालून झाल्या होत्या.

मग येतात गुण. कट्ट्यावर एखादा तरी असतोच जो म्हणतो "गुणांवर ठरतंय सगळं, चर्चा कशाला". त्याला २०१८ ची गोष्ट सांगा. तेव्हाच्या पद्धतीत पदकांना ऐंशी टक्के वजन आणि समितीच्या मताला वीस टक्के. ऑलिम्पिक सुवर्णाला ८० गुण, रौप्याला ७०, ब्राँझला ५५, एशियन गेम्सच्या सुवर्णाला ३०, कॉमनवेल्थच्या सुवर्णाला २५ असा तक्ता. त्या वर्षी कुस्तीतल्या बजरंग पुनिया आणि विनेश फोगाट यांचे ८०-८० गुण होते, मीराबाईचे ४४, विराट कोहलीचा शून्य, कारण क्रिकेटसाठी गुणांचा तक्ताच नव्हता. आणि खेलरत्न मिळालं कुणाला? कोहली आणि मीराबाईला. बजरंग लय तापला, कोर्टात जायची भाषा केली, पुढच्या वर्षी त्याला मिळालं. त्याच्या आधी २०१५ ला टेनिसच्या सानिया मिर्झाला खेलरत्न दिलं तेव्हा लंडन पॅरालिम्पिकचा रौप्यविजेता उंच उडीपटू गिरीशा कर्नाटक हायकोर्टात गेलाच होता, गुणांत मी पुढं आहे म्हणून.

याचा अर्थ गुण फालतू आहेत असा नाही. गुण हे वाद सुरू करायला चांगले, संपवायला नाहीत. ज्या खेळाचा तक्ताच नाही किंवा जो ऑलिम्पिकमध्येच नाही, तिथं तुम्हाला दुसरी फुटपट्टी काढावी लागते आणि ती कुठली काढली ते आधी सांगावं लागतं. साताऱ्याची अदिती स्वामी घ्या. २०२३ ला बर्लिनला सतराव्या वर्षी वर्ल्ड चॅम्पियन, कंपाउंड म्हणजे कप्प्यांच्या धनुष्यात, तिरंदाजीत आपल्याकडं सीनियर गटातलं वैयक्तिक जगज्जेतेपद त्याआधी कुणी आणलंच नव्हतं. त्याच वर्षाचा अर्जुन तिला मिळाला. पण कंपाउंड ऑलिम्पिकला नव्हतंच, २०२८ ला लॉस एंजेलिसला पहिल्यांदा येणार आणि ते पण फक्त मिश्र सांघिक. मग तिच्याकडं ऑलिम्पिक पदक नाही हा तिचा दोष कसा धरायचा? हा प्रश्न टाकला की समोरचा दोन मिनिटं गप्प बसतो, मी बघितलंय.

आता प्रत्यक्ष एक वाद लढवून दाखवतो, दोन्ही नावं आपल्याच जिल्ह्यातली, म्हणजे गावाचा अभिमान दोन्हीकडं सारखाच. समजा विषय खेलरत्नाचा. एका बाजूला स्मृती मानधना, दुसऱ्या बाजूला आटपाडी तालुक्यातल्या करगणीचा पॅरा गोळाफेकपटू सचिन खिलारी. दोघांकडं अर्जुन आहेच, तिला २०१८ चा, त्याला २०२४ चा. खिडकी धरू २०२२ ते २०२५.

स्मृतीची बाजू मांडणाऱ्यानं काय लिहायचं? २०२२ कॉमनवेल्थ रौप्य. २०२३ ला हांगझोऊ एशियन गेम्सचं सुवर्ण, फायनलला श्रीलंकेविरुद्ध ४६ रन तिचेच. २०२५ चा वर्ल्ड कप, नवी मुंबईची फायनल, स्पर्धेत तिचे ४३४ रन आणि संघाची उपकर्णधार. २०१८ च्या आयसीसी पुरस्काराचं नाव काढायचं नाही, तो खिडकीच्या बाहेर. आरसीबीची ट्रॉफी पण नाही, वर सांगितलंच. महिला क्रिकेटमधून खेलरत्न मिताली राजला मिळालंय २०२१ ला, म्हणजे वाट मोकळी आहे.

सचिनच्या बाजूनं : २०२३ आणि २०२४, लागोपाठ दोन वर्ल्ड पॅरा अॅथलेटिक्स सुवर्ण. हांगझोऊच्या एशियन पॅरा गेम्सचं सुवर्ण. पॅरिस पॅरालिम्पिकला १६.३२ मीटर टाकून रौप्य, सुवर्ण कॅनडाच्या ग्रेग स्टुअर्टचं १६.३८ ला, सहा सेंटिमीटरचा फरक. पट्टीवर सहा सेंटिमीटर काढून बघा एकदा, बोटाएवढं अंतर आहे ते.

खरा वाद इथनं सुरू होतो. स्मृतीवाला म्हणणार की वर्ल्ड कप अख्ख्या देशानं बघितला. त्याला विचारायचं, किती लोकांनी बघितलं हा निकष नियमात कुठंय? सचिनवाला म्हणणार की ती टीमची ट्रॉफी, एकटीची नाही. त्याला २०२४ चा हरमनप्रीत दाखवायचा, हॉकी पण टीमचाच खेळ आहे, कॅप्टनला मिळालं. मग कुणीतरी हमखास म्हणतो की पॅरा खेळात स्पर्धक कमी असतात. इथं सोडायचं नाही त्याला. सचिनचा एफ४६ गट म्हणजे काय ते त्याला माहीत आहे का विचारा, तो हातांच्या व्यंगाचा वर्ग आहे, आणि गोळाफेकीत दुसरा हात तोल सांभाळायला किती लागतो ते कुठल्याही शाळेच्या ग्राउंडवर एक हात कमरेला बांधून गोळा टाकून बघितलं की कळतं. माझं मत विचाराल तर मी सचिनकडं झुकतो, कारण खेलरत्नाला पहिल्यांदा वैयक्तिक सातत्य बघावं असं मला वाटतं. आमच्यातले निम्मे मला वेड्यात काढतात, काढू देत.

एक युक्ती सांगतो, हिनं वाद लय सुधारतो. अर्ध्या तासानं बाजू बदला. स्मृतीवाल्यानं आता सचिनचं मांडायचं. जो दुसऱ्याची बाजू मांडताना मुद्दाम कच्चं बोलतो त्याच्याकडनं भडंगाचे पैसे. आमच्यात एक रिटायर्ड सर आहेत, पंच तेच, आणि मोबाईल पण फक्त त्यांच्याच हातात, बाकीच्यांचे उलटे ठेवलेले. आकड्यावर वाद झाला की सर बघून सांगणार. नाहीतर काय होतं, पाच जण पाच साइटवरनं पाच आकडे काढतात आणि चहा गार होतो.

सातारकर आले की विषय खाशाबांवर जाणारच. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव, १९५२ हेलसिंकी, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. १९८४ ला अपघातात गेले आणि अर्जुन मिळाला तो मरणोत्तर, २००० सालचा. हा अन्याय खराच आहे, त्यावर कुणी वाद घालू नये. पण "खाशाबांना दिलं नाही, म्हणून आता आमच्या याला द्या" हे मात्र चालत नाही मर्दा. त्यांची थकबाकी दुसऱ्याच्या खात्यावर जमा करून काय उपयोग.

आणि उशीर कसा मोजायचा हा वेगळाच वाद आहे, तो जमला तर एक अख्खी संध्याकाळ त्यालाच द्या. पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेला फौजी, १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण, भारताचं पहिलंच पॅरालिम्पिक सुवर्ण. १९८२ ला त्यांनी अर्जुन मागितला होता, दिला नाही. पद्मश्री २०१८ ला, आणि अर्जुन जीवनगौरव २०२४ चा, वयाच्या ऐंशीव्या वर्षी. आता उलट बाजू बघा. मिल्खा सिंग यांना २००१ ला अर्जुन देऊ केला तर त्यांनी नाकारला, फार उशीर झाला म्हणून. पेटकरांनी घेतला, मिल्खांनी नाही. कोण बरोबर? आमच्यात यावर अजून एकमत नाही आणि होईल असं वाटत पण नाही. मला दोघांचंही पटतं, पण सर म्हणतात की दोन्ही बाजूंनी बोलणाऱ्याला भडंग मिळणार नाही.

काही गोष्टी टाळाच. जात काढायची नाही, राज्य काढायचं नाही. "हरियाणावाल्यांचंच चालतंय" म्हणणाऱ्याला त्यांच्या कुस्तीतल्या पदकांची यादी वाचायला लावा, निम्म्यात बसेल खाली. डोपिंगची बंदी असलेला किंवा चौकशी चालू असलेला खेळाडू पात्रच नसतो, पण ऐकीव गोष्टीवरनं कुणाला डोपिंगवाला म्हणायचं नाही, त्यासाठी सरांनी एकाला उठवून घरी पाठवलं होतं. राज्याचा शिवछत्रपती पुरस्कार यात मिसळायचा नाही, त्याचे नियम वेगळे, त्याची बैठक वेगळी घ्या.

आणि वाद रंगायचा तर नावं जाहीर व्हायच्या आधी घाला. अर्ज मागवल्याची बातमी आली की लगेच बसा, प्रत्येकानं आपली खेलरत्नाची दोन आणि अर्जुनची दहा नावं चिठ्ठीवर लिहून सरांकडं द्यायची, प्रत्येक नावासमोर चार वर्षांतली एक स्पर्धा लिहायची, स्पर्धा आठवली नाही तर ते नाव कटाप. यादी आली की चिठ्ठ्या उघडायच्या. ज्याची सगळ्यात कमी नावं जुळतील त्यानं त्या दिवशीचा चहा द्यायचा.