पुठ्ठ्यातला राजगड: दिवाळीचा किल्ला मापात कसा करावा

बाजारात मिळणारा मातीचा मावळा साधारण तीन इंचांचा असतो. आता आपण जो राजगड करणार आहोत, त्यावर हा मावळा उभा केला तर त्याची उंची भरेल जवळजवळ १९० मीटर. बालेकिल्ल्यावर कोपर टेकून तो खाली पायथ्याच्या गुंजवण्यात कोण आलं-गेलं ते बघेल.

लहानपणी आम्हाला याचं काही वाटायचं नाही. विटा रचायच्या, त्यावर चिखलात बुडवलेलं पोतं टाकायचं, हळीव पेरायचे आणि शिखरावर महाराज. मजा भरपूर यायची, पण तो नुसता ‘किल्ला’ असायचा. कुणी विचारलं, ‘कुठला रे हा?’ की आम्ही पाटीकडे बोट दाखवायचो. पाटी न वाचता ओळखू येईल असा किल्ला करायचा तर आधी प्रमाण ठरवावं लागतं आणि शेवटपर्यंत पाळावं लागतं. यातलं हेच काय ते अवघड. बाकीची नुसती कातरकाम आणि चिकटवाचिकटवी.

कुठला किल्ला?

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांतला कुठलाही घ्या, पण पहिल्या खेपेला ज्याची आकृती वरून बघताच कळते असा घ्या. सिंधुदुर्ग सुरेख आहे, पण तिथे तटच सगळा, डोंगर नाही. लोहगडाला विंचूकाटा, म्हणजे लांबट निमुळती माची, आहे, तोही चालेल. मी राजगड घेतो, कारण मधोमध बालेकिल्ला आणि तीन दिशांना पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या, म्हणजे बालेकिल्ल्याखालच्या तटबंद सोंडा. ही तीन पाती जमली की निम्मं काम झालं.

आणि शक्यतो स्वतः चढून आलेला किल्ला निवडा. नकाशा उंची सांगतो, पण संजीवनीवर चालताना दोन्ही बाजूंनी जमीन कशी सुटत जाते, ते पाय सांगतात.

प्रमाण

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशावर दर २० मीटरला एक समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेषा, असते. किल्ला मधोमध धरून तीन किलोमीटर लांब-रुंद चौकोन आखला, तर तो कागदावर फक्त ६ सेंटिमीटरचा भरतो. तो वीसपट मोठा करायचा. म्हणजे १२० सेंटिमीटर, चार फूट. प्लायवुडचा अख्खा तक्ता आठ बाय चारचा येतो, त्याचा अर्धा आपल्याला बरोबर पुरतो. प्रमाण झालं १:२५००. मॉडेलवरचे ४ सेंटिमीटर म्हणजे प्रत्यक्षातले १०० मीटर, एवढं एक वाक्य भिंतीवर लिहून ठेवा.

उंचीला मात्र थोडी लबाडी करायची. याच प्रमाणात उंची ठेवली तर डोंगर चपटा दिसतो, कारण खरा गड आपण पायथ्यावरून मान वर करून बघितलेला असतो आणि मॉडेलकडे वरून बघतो. उंची दीडपट करा. दुप्पट केलीत तर सह्याद्रीचा हिमालय होतो.

राजगडाचा माथा समुद्रसपाटीपासून १,३५० मीटरच्या वर आहे. पायथ्यापासून सगळा डोंगर दाखवायच्या भरीला पडू नका. प्लाय म्हणजे १,००० मीटर असं धरा आणि त्याखालचं सगळं सपाट सोडून द्या. दर ४० मीटरला एक थर, म्हणजे नकाशातली एकाआड एक रेषा घ्यायची. १,०४० पासून १,३६० पर्यंत नऊ थर होतात. प्रत्येक थराची उंची १६ मिलिमीटर आली असती, दीडपट करून २४. एकूण डोंगर साधारण २२ सेंटिमीटरचा, जेमतेम वीतभर उंच.

चौकटी

नकाशावर बारीक पेन्सिलीने ५ मिलिमीटरच्या चौकटी आखा. तपकिरी कागद जोडून चार फुटी करा आणि त्यावर १० सेंटिमीटरच्या चौकटी आखा. दोन्हीकडे बारा बाय बारा. मग एकेका घरातून रेषा कुठून शिरते आणि कुठून निघते ते बघत उतरवायचं. शाळेत टिळकांचं चित्र असंच मोठं केलेलं आठवत असेल. प्रत्येक रेषेवर तिची उंची तिथल्या तिथे लिहा, नंतर लिहू म्हणाल तर १,१६० आणि १,२०० एकमेकांत मिसळून जातात. कड्यापाशी रेषा अगदी खेटून येतील. तिथे अंदाज चालेल, त्या जागी पुढे उभा कातळच येणार आहे.

थर

पुठ्ठा दुकानातून विकत आणू नका. फ्रिज किंवा वॉशिंग मशीनचं खोकं मिळवा, ते पाच पदरी असतं आणि जाडी ५ मिलिमीटरच्या आसपास भरते. तपकिरी कागद वर, मध्ये कार्बन, खाली पुठ्ठा. प्रत्येक पुठ्ठ्यावर दोन रेषा उतरवायच्या: एक त्याची स्वतःची, जिथे कापायचं, आणि एक पुढच्या थराची, जिथे वरचा पुठ्ठा बसणार. दुसरी रेषा विसरलात तर वरचा थर अंदाजाने ठेवावा लागतो आणि बालेकिल्ला हळूहळू तोरण्याकडे सरकत जातो.

पुढच्या थराच्या रेषेपासून चार-पाच सेंटिमीटर आत सोडून मधला भाग कापून काढा. मॉडेल हलकं होतं आणि निघालेल्या तुकड्यातून वरचे थर होतात. एका दमात आरपार कापायला जाऊ नका, कटर तीनदा हलक्या हाताने फिरवा. हे काम मोठ्यांचं.

आता २४ मिलिमीटर कसे भरायचे? पुठ्ठा ५, उरले १९. एकोणीस मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापायच्या, जिन्यासारख्या नागमोडी दुमडायच्या आणि कडेवर उभ्या चिकटवायच्या. त्यावर वरचा थर. नुसती सरळ पट्टी आडवी पडते, नागमोडी पट्टी मात्र वरून वजनाचं पुस्तक ठेवलं तरी हलत नाही. प्रत्येक थर चिकटवला की त्यावर रात्रभर दिवाळी अंकांचा गठ्ठा ठेवा.

प्लायबद्दल दोन गोष्टी. ओल एकाच बाजूने लागली की तो पापडासारखा वळतो, म्हणून आधी दोन्ही बाजूंना ऑइल पेंटचा हात द्या. आणि चार बाय चारचा एकसंध तक्ता घेऊ नका, चार बाय दोनचे दोन घेऊन खालून पट्टी आणि नटबोल्टने जोडा. थरही त्याच सांध्यावर कापलेले ठेवा. आमचा पहिला राजगड आतल्या खोलीत झाला आणि अंगणात न्यायच्या वेळी दारात अडकला. आडवा करून बघितला, तिरका करून बघितला. आजी म्हणाली, ‘औरंगजेबालाही एवढा त्रास झाला नसेल.’ शेवटी सगळ्या वाड्याने किल्ला बघायला आमच्या झोपायच्या खोलीत यायचं, असं ठरलं.

कातडं

पायऱ्या झाल्या, आता त्यावर कागद. वर्तमानपत्राच्या दोन बोटं रुंद पट्ट्या फाडा. कापू नका, फाटलेली कड दिसत नाही. मैद्याची पातळ खळ शिजवून त्यात भिजवा आणि एका थराच्या कडेवरून खालच्या थरापर्यंत तिरप्या लावत जा. दोन पदर पुरतात. खळ फुकटात होते, पण उंदरांनाही आवडते. एका धनत्रयोदशीला सकाळी बघतो तर संजीवनीचं टोक गायब. तेव्हापासून मी फेव्हिकॉलमध्ये तेवढंच पाणी घालून वापरतो.

सगळ्या पायऱ्या मात्र झाकू नका. सह्याद्री हा मुळातच पायऱ्यांचा डोंगर आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले, त्याचा बेसॉल्ट झाला, आणि झिजताना टणक थराचा उभा कडा राहिला, मऊ थराचा उतार झाला. म्हणून कुठलाही गड बघा: कडा, मग झाडीचा पट्टा, परत कडा. फोटो समोर ठेवा. जिथे कातळ आहे तिथे पट्टी सरळ खाली सोडा, जिथे उतार आहे तिथे तिरपी. सगळीकडे गुळगुळीत उतार केलात की तो डोंगर न राहता भाताची मूद होते.

कागद खडखडीत वाळला की लगदा. भिजवून कुस्करलेला कागद, चाळलेली लाल माती आणि फेव्हिकॉल, थापता येईल इतपत घट्ट. थर दोन-तीन मिलिमीटरचाच द्या. नुसती माती वाळताना आकसते आणि भेगा पडतात, लगद्यातले धागे तिला धरून ठेवतात. कड्याच्या जागी लगदा ओला असताना चुरगळलेला ॲल्युमिनियम फॉइलचा गोळा दाबत जा. कातळ कोरायच्या सुऱ्या-कोरण्या मी सगळ्या वापरून बघितल्या, फॉइलच्या गोळ्याची सर कशालाच नाही.

सुवेळा माचीवरचं नेढं, म्हणजे कातळातलं आरपार भोक, आत्ताच करून घ्या. खऱ्या नेढ्यात माणसं आरामात बसतात, आपल्या मापात ते जेमतेम दाभणाचं भोक आहे. तेवढंच करा. मोठं करायचा मोह होतो, आणि बघायला आलेला प्रत्येक ट्रेकर पहिल्यांदा तेच शोधतो.

तट

आठ मीटरचा तट या प्रमाणात, उंची दीडपट धरून, ५ मिलिमीटरचा होतो. कार्डशीटच्या तेवढ्या रुंद पट्ट्या कापा, माचीच्या कडेने फेव्हिकॉलची रेघ ओढा आणि पट्टी कडेवर उभी करत न्या. बुरुजांना बॉलपेनच्या रिकाम्या रिफिलचे तुकडे, तीन मिलिमीटर जाडीची रिफिल म्हणजे साडेसात मीटर व्यासाचा बुरूज. संजीवनीला चिलखती तटबंदी आहे, तिथे एका पट्टीच्या बाहेर थोडं अंतर सोडून दुसरी लावा. चिमटा लागेल, चहा घेऊन बसा. पद्मावती तळं आणि बालेकिल्ल्यावरचं चंद्रतळं हे रंगकाम झाल्यावर निळसर-हिरव्या ठिपक्यावर पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात देऊन होतं.

रंग

कातळ काळा नसतो. काळ्यात तपकिरी आणि किंचित निळा मिसळा, मग पांढरा घालून एक छटा फिकी करा. लांबून दिसणारा डोंगर नेहमी फिका दिसतो आणि आपलं मॉडेल म्हणजे लांबून दिसणारा डोंगरच. आधी सगळीकडे हा गडद हात. वाळला की करड्या रंगात ब्रश बुडवून कागदावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसा आणि कड्यावरून हलकाच फिरवा. उंचवट्यांवर रंग बसतो, खाचा गडद राहतात. हा एकच हात दिला की पुठ्ठ्याचा दगड होतो.

गवत हिरवंगार करू नका. दिवाळीपर्यंत गडावरचं गवत पिवळं पडायला लागलेलं असतं, हिरवं उरतं ते घळीत. सुताराकडून लाकडाचा भुसा आणून चाळा, अर्धा पिवळट-तपकिरी आणि अर्धा शेवाळी रंगवून वाळवा. उतारावर फेव्हिकॉलचं पाणी लावून चिमटीने भुरभुरवा. झाडांना स्पंजचा चुरा. दहा मीटरचं झाड इथे ४ मिलिमीटरचं आहे. तुळशीची मंजिरी लावाल तर शंभर मीटरचं झाड उगवेल. आणि हळीव पेरणार असाल तर डोंगरावर नको, प्लायच्या कडेला पेरा. हळिवाचं पाणी पुठ्ठ्यात मुरलं की पाडव्यापर्यंत माची बसते.

घटस्थापनेला नकाशा काढायला घेतला, तर कोजागिरीपर्यंत थर उभे राहतात आणि वसुबारसेच्या आधी रंग होतो.

आणि मावळे?

मुलं मातीच्या चित्रांशिवाय किल्ला मान्य करत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. म्हणून त्यांच्यासाठी दुसरं प्रमाण. तीन इंची मावळा म्हणजे साधारण १:२२. त्याच मापात शेजारी फक्त पाली दरवाजा करा. माप कुठून आणायचं? दरवाज्यात उभ्या असलेल्या मित्राचा समोरून काढलेला फोटो घ्या. मित्र १७० सेंटिमीटरचा, फोटोत तो ३ सेंटिमीटरचा आणि कमान ७ची आली, तर कमान चार मीटरच्या थोडी खाली. तिला बाविसाने भागा, १८ सेंटिमीटर. भिंतीला माउंट बोर्ड, संपलेल्या बॉलपेनने दाबून दगडांच्या ओळी, पण सांधे एकाखाली एक येऊ देऊ नका. फळ्यांना आइस्क्रीमच्या काड्या. पहारेकरी, तोफ, गवळण सगळे इथे, महाराजांचं सिंहासन त्याहून वरच्या पायरीवर. मोठ्या मॉडेलवर एकही माणूस नको, फक्त बालेकिल्ल्यावर टाचणीला चिकटवलेला भगव्या कागदाचा तुकडा. तो प्रमाणात बसत नाही, पण काढून टाकायचं अजून माझ्याने झालं नाही.

तुळशीच्या लग्नानंतर दोन्ही भाग सुटे करा, जुन्या धोतरात गुंडाळा, आत डांबराच्या गोळ्या टाका आणि माळ्यावर उभे न ठेवता आडवे ठेवा. दरवाजा बाहेरच असू द्या. पुढच्या वर्षी किल्ला बदलला तरी मावळ्यांना तो लागेल.